परेरा : एका झाडाचे आडनाव

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात वसईच्या एका वाडीत ओळखीच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची जुनी तसबीर होती आणि तिच्या खाली एक नवी लाकडी पाटी लावलेली होती. लाल रंगाची ढाल, तिच्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेला, मधून पोकळ आणि टोकांना पाकळ्या फुटलेला क्रूस, आणि खाली रोमन अक्षरांत आडनाव : परेरा. घरातला नातू नोकरीच्या निमित्ताने युरोपात जाऊन आला होता. लिस्बनच्या एका दुकानातून त्याने ती पाटी आणली होती. "काका, हे आमच्या घराण्याचं निशाण. आठशे वर्षांपूर्वीचं आहे," तो मला सांगत होता. आतून त्याची आजी म्हणाली, "आपलं घराणं विहिरीवरचं. लिस्बनला आपलं कोण होतं?"

त्या आळीत परेरांची दोन घरे आहेत. एक विहिरीवरचे, दुसरे चिंचेखालचे. दोघांत सोयरसुतक नाही. आजीच्या दृष्टीने विषय तिथेच संपला होता. नातवाचा मात्र संपला नव्हता. त्याला कुणीतरी आणखी एक गोष्ट सांगितली होती. पोर्तुगालमध्ये ज्यांची आडनावे झाडांवरून आहेत ते सगळे मूळचे ज्यू, आणि ज्यू वंशजांना पोर्तुगाल नागरिकत्व देते. म्हणजे एकाच आडनावातून त्याला सरदार पूर्वजही मिळाले होते, ज्यू पूर्वजही आणि जमल्यास पासपोर्टही. "तुम्ही हे पोर्तुगीज कागद वाचता ना? मग सांगा, आम्ही नक्की कोण?"

मी विद्यापीठातला इतिहासकार नाही. पोर्तुगीज भाषा चाळिशी उलटल्यावर कोशाच्या आधाराने, वाचण्यापुरती शिकलो. बोलायला गेलो तर गोव्यातले मित्र हसतात. पण प्रश्न समोरून, चहाचा कप हातात देऊन विचारला गेला होता, त्यामुळे टाळता आला नाही. हा लेख त्या प्रश्नाच्या मागे मागे जाऊन जे हाती लागले त्याचा आहे.

*

सुरुवात शब्दापासून करू. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपतीचे फळ. त्याचे मूळ लॅटिन 'पिरुम' या शब्दात. फळाच्या किंवा फुलाच्या नावाला 'एरा' हा प्रत्यय लावला की त्याचे झाड होते. 'फिगो' म्हणजे अंजीर आणि 'फिगेरा' म्हणजे अंजिराचे झाड. तसेच 'पेरा'चे 'पेरेरा'. आपल्याकडे उच्चार घासून त्याचे परेरा झाले.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण हा 'पेरा' आपल्या घरातही शिरलेला आहे. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून जी फळे इकडे आणली त्यात एक फळ बाहेरून नासपतीसारखे दिसणारे होते. त्यालाही ते 'पेरा' म्हणू लागले. कोकणीत ते 'पेर' झाले, श्रीलंकेत सिंहली भाषेत 'पेर' झाले आणि मराठीत त्याचा 'पेरू' झाला. आसगावात जन्मलेले भाषापंडित सेबाश्तियांव रोदोल्फो दाल्गाद यांनी 1913 साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, तसल्या ग्रंथांतून अशा शब्दांचे प्रवास कळतात. तेव्हा परेरा या आडनावाचे मराठीत शब्दशः भाषांतर करायचेच झाले तर ते 'पेरूचे झाड' असे काहीसे होईल. हे मी नातवाला सांगितले तेव्हा आजी मनापासून हसली. परसात पेरू होताच.

पण आडनाव झाडावरून आले म्हणजे पहिला परेरा नासपतीची बाग लावणारा माळी होता असे नाही. आपल्याकडच्या वडगावकरांचा वडाच्या झाडाशी जेवढा संबंध, तेवढाच याचा नासपतीशी. झाडावरून गाव, गावावरून माणूस. उत्तर पोर्तुगालमध्ये, ब्रागा आणि पोर्तो या शहरांच्या मधल्या मिन्यो प्रांतात आज विला नोव्हा द फामालिकांव नावाचे शहर आहे. त्या परिसरातल्या जुन्या व्हेरमोइं मुलखात परेरा नावाची एक जहागीर होती. तिचा मालक तो 'द परेरा', म्हणजे परेराचा. आपण म्हणू परेरकर.

बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावर होऊन गेलेला रोद्रिगो गोन्साल्व्हिश हा हे नाव लावणारा पहिला पुरुष मानतात. याच्या बापाचे नाव होते गोन्सालो रोद्रिगिश द पाल्मेरा. पाल्मेरा म्हणजे ताडाचे किंवा खजुराचे झाड, आणि हेही एका जहागिरीचेच नाव. बाप पाल्मेरा, मुलगा परेरा! जहागीर बदलली, आडनाव बदलले. त्या काळात पिढीजात आडनाव असे काही नव्हतेच. माणसाचे एक स्वतःचे नाव, त्यापुढे बापाचे नाव 'इश' लावून (रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगिश, अल्व्हारोचा अल्व्हारिश, गोन्सालोचा गोन्साल्व्हिश) आणि त्यापुढे ठिकाण. आपल्या मधल्या नावाच्या रिवाजाशी हे इतके जुळते की मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये.

पोर्तुगालमध्ये परेरा नावाची गावे आणि मळे एकच नाहीत, पुष्कळ आहेत. तेव्हा खुद्द पोर्तुगालमध्येसुद्धा सगळे परेरा व्हेरमोइंच्या त्या एका जहागीरदाराचे वंशज आहेत असे मुळीच म्हणता येत नाही. कुठल्या तरी दुसऱ्या परेरा गावातून उठून शहरात आलेला चांभार किंवा खलाशीसुद्धा परेराच झाला असणार.

*

आता ज्या घराण्याची ती ढाल, त्याची गोष्ट. ही गोष्ट सांगताना मला हसू आवरत नाही, कारण पोर्तुगीज सरदारांच्या वंशावळीतही इतकी मोकळीढाकळी शाखा क्वचित सापडेल.

चौदाव्या शतकात गोन्सालो परेरा हा ब्रागाचा आर्चबिशप होता. 1348 साली तो वारला. आर्चबिशपला मुलगा असू नये, पण होता. त्याचे नाव अल्व्हारो गोन्साल्व्हिश परेरा. हा अल्व्हारो पुढे हॉस्पिटलर या लढवय्या धर्मसंघाचा पोर्तुगालमधला प्रमुख, म्हणजे क्रातोचा प्रायर झाला. ब्रह्मचर्याचे व्रत त्यालाही होते. त्याला 32 मुले होती असे जुन्या इतिवृत्तात सांगितले आहे. या मुलांपैकी एक म्हणजे 1360 साली जन्मलेला नुनु अल्व्हारिश परेरा. आईचे नाव इरिया गोन्साल्व्हिश दु कार्व्हाल्याल. कार्व्हाल्याल म्हणजे ओक वृक्षांची राई. पुन्हा झाडच! जन्मानंतर वर्षभरात, 1361 मध्ये, राजाच्या हुकमाने या मुलाला औरस ठरवण्यात आले.

हाच मुलगा पुढे पोर्तुगालचा सरसेनापती झाला. 1383 साली पोर्तुगालचा राजा मुलगा मागे न ठेवता वारला, त्याची मुलगी कास्तिलच्या, म्हणजे शेजारच्या स्पॅनिश राज्याच्या राजाला दिलेली होती, आणि देश कास्तिलच्या घशात जायची वेळ आली. तेव्हा अविझ धर्मसंघाचा प्रमुख जुआंव याच्या बाजूने हा तरुण परेरा उभा राहिला. 14 ऑगस्ट 1385 रोजी अल्जुबारोता इथे पोर्तुगीजांच्या लहान फौजेने कास्तिलच्या मोठ्या फौजेचा पराभव केला. पोर्तुगीज शाळांत ही लढाई आपल्या प्रतापगडासारखी शिकवतात. पण पाठ्यपुस्तकात भर नसतो अशी एक गोष्ट तिच्यात आहे. समोरच्या फौजेत नुनुचे सख्खे नात्यातले परेरा होते. त्याचा भाऊ पेद्रो अल्व्हारिश परेरा कास्तिलकडून लढला आणि त्याच रणात पडला. एकच बाप, एकच आडनाव आणि दोन झेंडे. मराठेशाहीचे कागद वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही.

उतारवयात नुनुने सगळी मालमत्ता वाटून टाकली. लिस्बनमध्ये त्याने स्वतः बांधलेल्या कार्मेल मठात तो 1423 साली साधा बंधू म्हणून राहिला आणि 1431 मध्ये वारला. 1755 च्या भूकंपात त्या मठाचे छत कोसळले. उघड्या कमानी आजही आकाशाखाली उभ्या आहेत. 2009 साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केले. आर्चबिशपचा नातू, प्रायरचा मुलगा, शेवटी संत.

माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे. नुनुच्या मुलांपैकी जगली ती एकच मुलगी, बेआत्रिश. तिचे लग्न 1401 साली राजा जुआंवच्या अनौरस मुलाशी, अफोन्सोशी झाले. हा अफोन्सो पुढे ब्रागांसाचा पहिला ड्यूक झाला. म्हणजे नुनु परेराचे रक्त वाहत गेले ते ब्रागांसा या नावाने. 1640 साली स्पेनचे जू झुगारून ब्रागांसा घराणे पोर्तुगालच्या गादीवर बसले. त्याच घराण्यातल्या कॅथरिनच्या लग्नाच्या तहात, 1661 मध्ये, मुंबईचे बेट इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून लिहून दिले गेले. मुंबई आंदण घेऊन गेलेली ही राजकन्या थेट नुनु परेराची वंशज होती, आणि तिचे आडनाव परेरा नव्हते. उलट जगभर जे लक्षावधी लोक परेरा म्हणवतात त्यांच्यात नुनुचा वंशज शोधायला दिवा लावावा लागेल. सहाशे वर्षांपूर्वीच रक्त एका वाटेने गेले आणि आडनाव दुसऱ्या वाटेने.

त्या लाकडी पाटीवरची ढाल खोटी नाही. सिंत्राच्या राजवाड्यात राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या आरंभी 72 सरदार घराण्यांच्या ढाली छतावर रंगवून घेतल्या, त्यात परेरांची आहे. ढालीवर नासपती नाही, क्रूस आहे. पण ती ढाल एका घराण्याची, आडनावाची नव्हे. दुकानदार ती आडनाव विचारून विकतो. हे म्हणजे आपल्याकडे कुणीही शिंदे आला की त्याला ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे निशाण विकण्यासारखे आहे.

वंशावळीच्या ग्रंथांबद्दलही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पोर्तुगालचा सगळ्यात नामांकित मध्ययुगीन वंशग्रंथ म्हणजे बार्सेलुशचा काउंट पेद्रो याने चौदाव्या शतकात रचलेला. तो 1354 साली वारला. त्याच्या मृत्यूनंतर त्या ग्रंथात भर घालण्यात आली. 1340 च्या सालादोच्या लढाईचे वर्णन त्यात इतके रंगवले गेले आणि प्रायर अल्व्हारो परेराला त्यात इतके मोठे स्थान मिळाले की ही भर परेरांच्या गोटातल्याच कुणीतरी घातली असावी असे पोर्तुगीज अभ्यासक मानतात. आपल्याकडे कैफियती आणि कुलवृत्तान्त चाळणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा आहे. पहिले पान कुणी आणि कुणाच्या खर्चाने लिहिले हे पाहिल्याशिवाय मी हल्ली दुसरे पान उलटत नाही.

*

आता ज्यूंचा मुद्दा. हा समज पोर्तुगाल आणि ब्राझीलमध्ये फार पसरलेला आहे : झाड, फळ किंवा प्राणी यांच्यावरून आडनाव असेल तर पूर्वज बाटवलेले ज्यू. परेरा, ऑलिव्हेरा, पिन्येरो, कार्व्हाल्यो सगळे त्यात ओढले जातात.

या समजामागची वेदना मात्र खरी आहे. 1496 च्या डिसेंबरात राजा मानुएलने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि पुढच्या वर्षी जाऊ न देता त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. रातोरात नावे बदलली. 1536 मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन आले आणि या 'नवख्रिस्ती' लोकांवर पिढ्यान्‌पिढ्या पाळत राहिली. जुने आणि नवे ख्रिस्ती हा कायदेशीर भेद मार्किश द पोंबालने 1773 साली रद्द करेपर्यंत अडीचशेहून अधिक वर्षे गेली. ज्याच्या मागे पाळत आहे तो नवे नाव कसे निवडेल? उठून दिसणारे की गर्दीत मिसळणारे? त्यांनी घेतली ती गर्दीतली नावे : रोद्रिगिश, लोपिश, मेंदिश, नुनिश, हेन्रिकिश. पुष्कळदा बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या धर्मपित्याचे आडनाव. त्यात परेराही होते, कारण ते सगळीकडे होतेच. वर सांगितलेले पाल्मेरा, परेरा, कार्व्हाल्याल ही सगळी झाडे सक्तीच्या धर्मांतराच्या शेकडो वर्षे आधीची, जहागीरदारांच्या घरांतली. झाडाचे नाव म्हणजे ज्यू हे सूत्र तिथेच मोडते.

पण म्हणून ज्यू परेरा नव्हते असेही नाही. होते, आणि मोठे होते. माद्रिदमध्ये तोमाश रोद्रिगिश परेरा म्हणून वावरणारा व्यापारी ॲमस्टरडॅमला पोहोचताच अब्राहाम इस्रायल परेरा झाला. पहिले नाव टाकले, आडनाव ठेवले. जाकोब रोद्रिगिश परेरा (1715-1780) हा पोर्तुगीज ज्यू घराण्यातला माणूस फ्रान्समध्ये बोर्दोला स्थायिक झाला आणि मूकबधिर मुलांना बोलायला शिकवण्यात त्याने नाव काढले. त्याचे नातू एमिल आणि इझाक यांनी आडनावाची अखेर फ्रेंच वळणाची करून 'पेरेर' केली, फ्रान्समध्ये रेल्वे घातल्या आणि 1852 मध्ये क्रेदी मोबिलिए ही बँक काढली. सक्तीने चिकटवलेले आडनाव या लोकांनी परत ज्यू झाल्यावरही टाकले नाही. मला वाटते, तोवर ते त्यांचेच झाले होते.

कोकणात याचा आरसा आहे. बेने इस्रायल लोक शतकानुशतके आपल्यात राहिले आणि रोहेकर, पेणकर, किहीमकर झाले. रोहेकर या नावावरून माणूस शनिवार पाळतो की सोमवार, हे कुणाला सांगता येईल का? आडनावाने गाव सांगितले. देव सांगितला नाही.

2013 मध्ये पोर्तुगालने सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंच्या वंशजांसाठी कायदा केला आणि 2015 पासून तो अमलात आला. त्यात पुराव्यांच्या यादीत आडनावांचा उल्लेख होता, म्हणूनच ही अफवा एवढी फोफावली. पण नुसते आडनाव पुरेसे कधीच नव्हते. त्या ज्यू समाजाशी परंपरेने नाते असल्याचे दाखवावे लागे. 2022 मध्ये नियम आणखी आवळले गेले. वसईच्या वाडीतून तिकडे वाट जात नाही.

*

मग परेरा वसईला आले कसे? माणसे म्हणून काही आलेच. कोचीनचा 1504 सालचा बचाव ज्याच्या नावावर आहे तो दुआर्त पाशेको परेरा. त्याचा बाप पाशेको, परेरा ही आई. पोर्तुगीजांत आईचे आडनाव लावण्याला काही आडकाठी नव्हती. ब्राझीलला पोहोचलेला पेद्रो अल्व्हारिश काब्राल तरुणपणी आईच्या आडनावाने गोव्हेया म्हणूनच ओळखला जाई. फ्रान्सिस झेवियरचा मित्र दियोगो परेरा हा धनाढ्य व्यापारी. चीनला जाताना झेवियर ज्या 'सांता क्रूझ' जहाजावर चढला ते त्याचे. मलाक्काच्या कप्तानाने दियोगोला अडवले, झेवियर एकटाच पुढे गेला आणि 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. अकबराने 1578 साली बंगालमधून फतेहपूर सिक्रीला बोलावून घेतलेला धर्मगुरूही जुलियांव परेरा. त्याच्या सांगण्यावरूनच पुढे गोव्याहून जेझुइटांना निमंत्रण गेले.

पण असे मूठभर सरदार, व्यापारी आणि पाद्री यांच्यापासून पश्चिम किनाऱ्यावरचे इतके परेरा जन्माला येणे शक्य नाही. आल्बुकर्कने 1510 नंतर गोव्यात पोर्तुगीज शिपायांची लग्ने स्थानिक बायकांशी लावून दिली, त्यांची घरे झाली हेही खरे. तरी हिशेब लागत नाही. हिशेब लागतो तो बाप्तिस्म्याच्या कुंडाशी.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर गोव्यात मोठमोठे सामुदायिक बाप्तिस्मे झाले. व्हाइसरॉय कोंस्तांतीनो द ब्रागांसा (कारकीर्द 1558 ते 1561) अशा सोहळ्यांना जातीने हजर राहत असे. हा ब्रागांसा, म्हणजे पुन्हा आपल्या नुनु परेराचाच वंशज. नव्याने ख्रिस्ती होणाऱ्याला एक संताचे नाव मिळे आणि आडनाव मिळे ते धर्मपित्याचे, कधी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचे. धर्मपिता म्हणून उभा राहणारा पोर्तुगीज कप्तान असे, कारकून असे, शिपाईही असे. ज्या दिवशी जो उभा त्याचे नाव. म्हणून एकाच वांगडातले, एकाच कुळातले भाऊ निरनिराळ्या धर्मपित्यांमुळे निरनिराळ्या आडनावांचे झाले, आणि ज्यांच्या जाती वेगळ्या, गावे वेगळी, असे लोक एकाच आडनावाचे झाले. गोव्यात सोयरीक जुळवताना आजही आधी गाव विचारतात, वाडा विचारतात. नुसत्या आडनावाने काही कळत नाही हे त्यांना चारशे वर्षे ठाऊक आहे.

वसईचेही तसेच. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे 1739 मध्ये चिमाजीअप्पाने ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा वेगवेगळ्या समाजांतली घराणी ख्रिस्ती झाली. परेरा या सगळ्यांत आहेत. भाषेचा लहेजा वेगळा, लुगडे नेसण्याची तऱ्हा वेगळी, लग्नातली गाणी वेगळी, आडनाव एक. पोर्तुगीज निघून गेल्यावर हे आडनाव टाकायला कुणाची आडकाठी नव्हती. लोकांनी ते ठेवले. मराठी बोलत, केळीचे लोंगर उतरवत, पोर्तुगीजांची भाषा विसरून ठेवले.

*

याहून ठळक उदाहरण श्रीलंकेत आहे, आणि ते क्रिकेटमुळे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. 2019 च्या फेब्रुवारीत डरबनला नाबाद 153 धावा करून एका गड्याने सामना काढणारा कुसल पेरेरा आठवावा. श्रीलंकेत पेरेरा हे अत्यंत प्रचलित आडनाव आहे आणि ते लावणारे पुष्कळ लोक बौद्ध आहेत.

1505 मध्ये पोर्तुगीज तिथे पोहोचले. 1557 साली कोट्टेचा राजा धर्मपाल ख्रिस्ती झाला, त्याच्या मागे किनाऱ्यावरची घराणी झाली. गोव्यासारखेच आडनाव कुंडाशी मिळाले. 1656 मध्ये कोलंबो डचांनी घेतले. त्यांना कॅथलिक नको होते. सरकारी नोकरी हवी तर त्यांच्या प्रोटेस्टंट पंथाची नोंद हवी. मग इंग्रज आले. कितीतरी घराणी या उलथापालथीत परत बौद्ध धर्माकडे गेली, पण पेरेरा हे नाव घेऊनच. कारण सिंहली माणसाची घराण्याची खरी ओळख दुसरीच होती. नावाच्या आधी, शेवटी 'गे' येणारे घराण्याचे लांबलचक नाव. 'गे' म्हणजे अमक्याच्या घरचा. ते पुढे आणि पेरेरा मागे. वसईच्या आजीचे 'विहिरीवरचे' आणि हे 'गे' एकाच जातीचे आहेत असे मला वाटते. वरून आलेले नाव कागदावर राहिले, आतले नाव लोकांच्या तोंडी राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे धर्मजागृतीची लाट आली तेव्हा काहींनी पोर्तुगीज-इंग्रजी नावे टाकून दिली. दोन डेव्हिड हेवावितरणे हा अनागारिक धर्मपाल झाला, कादंबरीकार पेद्रिक द सिल्वा हा पियदास सिरिसेन झाला. बहुसंख्यांनी टाकली नाहीत. पुढे मार्क्सवादी नेते आणि अर्थमंत्री झालेले एन. एम. पेरेरा हे पेरेराच राहिले आणि मतदारांना त्यात काही खटकले नाही.

*

हे सगळे त्या मुलाला एकदम सांगितले नाही. तीन-चार भेटींत सांगितले. गोव्यातला त्याचा एक मित्र, तोही परेरा, पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेला आहे. तेव्हा त्याचा शेवटचा प्रश्न रास्तच होता : त्याला मिळतो, मग मला का नाही? उत्तर आडनावात नाही, तारखेत आहे. गोवा, दमण, दीव इथे 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज कायदा आपले मानू शकतो. मित्राच्या आजोबांचा जन्म तिथल्या नोंदणीच्या वहीत आहे. वसई 1739 मध्येच सुटली. मित्राचे आडनाव नाईक असते तरी त्याला पासपोर्ट मिळाला असता, आणि याच्या ढालीवर दहा क्रूस असते तरी याला मिळणार नाही. हे ऐकून त्याचे तोंड उतरले. मलाही वाईट वाटले, कारण मुलगा हुशार आहे आणि त्याला बाहेर जायचे आहे.

मी त्याला सुचवले की शोधायचेच असेल तर लिस्बनपासून सुरुवात नको, आपल्या चर्चच्या बाप्तिस्मा वहीपासून कर, आणि तलाठ्याकडचे जुने उतारे काढ. पोर्तुगालमध्ये सरकारी जन्मनोंद सक्तीची झाली ती 1911 मध्ये. त्याआधी तिकडेही चर्चच्या वह्याच आधार होत्या. वहीत मुलाचे नाव, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, पाद्रीची सही. मोडी येत नसेल तर मी आहे, पोर्तुगीज अडले तरी मी आहे.

गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. खापरपणजोबांची नोंद सापडली होती. धर्मपिता शेजारच्या आळीतला, आडनाव वेगळेच. तोवर धर्मपित्याने आडनाव देण्याचा काळ संपला होता, त्याने दिले ते फक्त पहिले नाव. जमिनीच्या एका जुन्या उताऱ्यात मात्र खापरपणजोबांच्या नावापुढे कारकुनाने, दुसऱ्या परेराशी गल्लत होऊ नये म्हणून, एक शब्द जास्तीचा लिहून ठेवला होता. मुलाला मोडी वाचता येत नव्हते, म्हणून त्याने मोबाइलवर फोटो काढून पाठवला. अक्षर किरटे होते आणि कागदाची घडी नेमकी त्या शब्दावरून गेली होती. मी भिंग लावून पाहिले. 'विहिरीवरील' असे होते.